अकरा मुलं, चार इयत्ता

गेल्या वैशाखात नात्यातल्या एका साखरपुड्याला आम्ही दोघी बहिणी गेलो होतो. पंगतीत माझ्या शेजारी ताई बसली होती आणि समोर आत्याचे दीर. मुंबईत चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे आणि मनाने मुळीच वाईट नसलेले गृहस्थ. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, ‘‘काय बाई, तुमची वाडीची शाळा चालू आहे ना अजून? पट किती?’’ ताई म्हणाली, ‘‘अकरा.’’ ‘‘आणि शिक्षक?’’ ‘‘दोघं.’’ त्यांनी हातातला घास तसाच ठेवला आणि आजूबाजूच्या चार पानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘अकरा पोरांना दोन मास्तर! म्हणजे साडेपाच पोरांमागे एक. आणि पगार लाखाच्या घरात. मजा आहे बुवा तुमची!’’ पंगत हसली. ताईसुद्धा हसली आणि तिने वाढप्याला सोलकढी आणायला सांगितली.

ते हसणं माझ्या मनातून जाईना. परतीच्या एस.टी.त मी तिला विचारलं, की तू काहीच का बोलली नाहीस. खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, ‘‘एका खोलीत चार इयत्ता म्हणजे काय, हे पानावर बसून सांगता येत नाही गं.’’ एवढंच. पण तिच्या बत्तीसएक वर्षांच्या नोकरीत मी तिच्याकडून पगाराबद्दल, बदल्यांबद्दल, साहेबांबद्दल पुष्कळ ऐकलं होतं. ती नेमकं काय करते हे मात्र तिने कधी सांगितलं नव्हतं आणि घरात आम्ही कोणी विचारलंही नव्हतं. म्हणून आषाढात, भातलावणीच्या दिवसांत, मी मुद्दाम तिच्या शाळेत जाऊन बसले.

शाळा रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सड्याखालच्या, म्हणजे कातळाच्या पठाराखालच्या, एका वाडीत आहे. जांभ्याच्या भिंती, दोन खोल्या, पूर्वी कौलं होती तिथे आता पत्रे. वाडी आणि शाळा यांच्यामध्ये एक पऱ्या, म्हणजे ओढा, आहे आणि त्यावर साकव, म्हणजे छोटा पायपूल. पावसाचा जोर असला की ताई साडेनऊलाच साकवाच्या अलीकडे छत्री धरून उभी राहते आणि मुलं एकामागून एक तिच्या डोळ्यांसमोरून पलीकडची अलीकडे येतात. जूनमध्ये चौथीतली तीन मुलं हायस्कूलच्या गावी गेली आणि पहिलीत तीन नवी आली, त्यामुळे पट अकराच राहिला होता. ही तीन मुलं आपोआप आलेली नव्हती. त्यासाठी ताई आणि तिचे सहकारी सर सबंध मे महिना आंब्याच्या वाड्यांतून, गोठ्यांतून, पडव्यांतून फिरले होते. एका घरचा मुलगा दापोलीला मामाकडे जायचा होता, एका मुलीला इंग्रजी शाळेची पिवळी गाडी न्यायला येणार होती. त्या मुलीच्या आजीने शेवटी नातीला इथेच ठेवलं, कारण आजीलाही याच शाळेत अक्षर लागलं होतं.

एरवी ताईकडे पहिली-दुसरी असते आणि सरांकडे तिसरी-चौथी. पण दोघंही शाळेत असल्याचे दिवस वाटतात तितके नसतात. कधी प्रशिक्षण असतं, कधी केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद, कधी मतदारयादीचं काम, कधी बँक. मी गेले त्या दिवशी एका मुलाच्या आधार कार्डावरच्या नावात आणि शाळेच्या नोंदीत एका अक्षराचा फरक होता म्हणून सर तालुक्याला गेले होते. आधार जुळलं नाही तर ते मूल पटात धरलं जात नाही, आणि पटातलं एक मूल कमी होणं या शाळेला परवडणारं नाही. त्यामुळे चारही इयत्ता एका खोलीत, ताईसमोर होत्या.

परिपाठ झाला. त्यानंतर जे सुरू झालं ते मला प्रथम कळलंच नाही. चौथीच्या चौघांना तिने फळ्यावर चार भागाकार लिहून दिले. तिसरीच्या दोघांना हातच्याच्या वजाबाक्या पाटीवर घातल्या. दुसरीच्या दोघींना जोडाक्षरांची पट्टी दिली आणि त्यातलं प्रत्येक अक्षर येईल असं एक-एक वाक्य करायला सांगितलं. मग ती पहिलीच्या तिघांसमोर जमिनीवर बसली. मध्ये काजूबियांची रास होती. दहा बिया मोजायच्या आणि करवंटीत टाकायच्या. एक मुलगी मोजताना सातानंतर सरळ नऊवर जात होती. ताईने तिला चूक सांगितली नाही. तिचा हात धरून बिया नुसत्या सरकवत राहिली, सातावर थांबली, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला मुलीने आठ म्हटलं आणि स्वतःच दचकली. एवढ्यात, मान न वळवता, ताई चौथीच्या एकाला म्हणाली, ‘‘बाकी भाजकापेक्षा मोठी राहिली का रे?’’ त्याने पाहिलं. राहिली होती. त्याची पाटी तिला बसल्या जागेवरून दिसणं शक्य नव्हतं. मी नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, की तो मुलगा त्या जागी नेहमी अडतो आणि अडला की पेन्सिल दातांत धरतो. पेन्सिलीचा आवाज थांबला म्हणून कळलं.

मग पाऊस आला. पत्र्यावरचा कोकणातला पाऊस म्हणजे खोलीत माणसाचा आवाज उरत नाही. ओरडलं तरी पलीकडच्या भिंतीला काही पोचत नाही. ताईने ओरडण्याचा प्रयत्नच केला नाही. तिने एक हात वर केला, मुलांनी पाट्या पुसल्या, आणि पुढचा सगळा वेळ ती लिहून आणि खुणा करून शिकवत होती. चौथीतली एक मुलगी उठून पहिलीच्या एकाशेजारी बसली आणि त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवून ‘क’ची गाठ वळवू लागली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आपली गणितं संपली की काय करायचं हे तिला दोन वर्षांच्या सवयीने माहीत होतं. तिसरीतल्या एका मुलाची वजाबाकी अर्धवट पडली होती आणि तो चौथीच्या फळ्याकडे बघत ओठ हलवत होता. पाऊस ओसरला तेव्हा त्याने ‘‘शहाण्णवला चाराने चोवीस’’ असं हळूच म्हणून टाकलं. तो भागाकार त्याच्या इयत्तेचा नव्हताच. एका खोलीत चार इयत्ता असल्या की धाकट्यांच्या कानांवर पुढच्या वर्षाचा धडा पडत राहतो आणि थोरल्यांना मागचं विसरायला सवड मिळत नाही. चांगल्या हातात असेल तर या खोलीचा हा मोठाच लाभ आहे. पण हात चांगला नसेल तर त्याच खोलीत तीन इयत्ता नुसत्या बसून राहतात.

ताईची टाचणवही मी पाहिली. कोणत्या गटाला किती मिनिटांचं काम द्यायचं, पहिलीशी बसताना दुसरीच्या हातात काय असलं पाहिजे, कोणाचं काम लवकर संपेल आणि त्याने मग कोणाला हात द्यायचा, हे तिने रात्री बारीक अक्षरात मांडलेलं असतं. एका इयत्तेच्या वर्गाला ती कधीतरी पाच-सहा वर्षं, तालुक्याच्या मोठ्या शाळेत शिकवत होती. तिथे चाळीस मुलं होती. ‘‘ते सोपं होतं,’’ ती म्हणाली, आणि तिच्या सुरात तक्रार नव्हती.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याने प्राथमिक शाळेला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले, ते उगीच नाहीत. मुलं अकरा असली तरी इयत्ता चारच राहतात आणि अभ्यासक्रम चार वर्षांचाच राहतो. साडेपाच पोरांमागे एक मास्तर हा हिशेब म्हणूनच मुळात चुकतो. मोजायचंच असेल तर एका शिक्षकामागे इयत्ता किती, ते मोजावं.

आमचे अण्णाही शिक्षक होते. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, त्यानंतर दोनेक वर्षांत ते नोकरीला लागले. त्यांच्याविषयी बोलताना गावात अजून आवाज खाली येतो. मुंबईहून मनीऑर्डर आली की तिच्याखालचा चार ओळींचा मजकूर बायका त्यांच्याकडून वाचून घेत. उत्तरही तेच लिहीत, आणि कोणाच्या घरात काय चाललं आहे हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं, पण त्यांच्या तोंडून ते कधी बाहेर पडलं नाही. तो मान मी पाहिला आहे. त्याचबरोबर त्यांची निगडीची छडीही पाहिली आहे. त्या छडीच्या भीतीने शाळा सोडून गुरांमागे गेलेली माणसं आज साठीत आहेत आणि अण्णांचं नाव निघालं की हात जोडतात, हे मला कधीच नीट उमगलेलं नाही. त्या काळचा मान खरा होता, पण त्यात भीती किती मुरलेली होती हेही सांगायला हवं. ताईच्या शाळेत छडी नाही. मुलं तिच्या पदराला हात पुसतात. गावात तिला मान आहे, पण अण्णांसारखा नाही, आणि ग्रामसभेत कोणीही उठून तिला ‘‘खिचडीत तेल कमी का?’’ असं विचारू शकतं. मला हे दुसरं अधिक निरोगी वाटतं, जरी त्याचा त्रास तिलाच होतो.

खिचडीवरून आठवलं. आहार शिजला की मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची आणि चव नोंदवहीत लिहून सही करायची, असा नियम आहे. ताई ते रोज करते. ती उपास करायची तो गुरुवार तिने यासाठीच कितीतरी वर्षांपूर्वी सोडला, हे मला त्या दिवशी कळलं.

शाळेच्या लोखंडी कपाटात सर्वांत खाली जनरल रजिस्टर असतं. गावातल्या प्रत्येक माणसाच्या आयुष्यातला पहिला सरकारी कागद तो. जात पडताळणीसाठी, निवृत्तीच्या जन्मतारखेसाठी, वारसासाठी माणसं मुंबईहून रात्रीच्या गाडीने येतात आणि सकाळी शाळेच्या पायरीवर बसलेली असतात. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा 1967 पूर्वीची पानं धुंडाळायचं काम गावोगावच्या शाळांवर येऊन पडलं. ताईच्या शाळेतली पहिली वही वाळवीने कडा खाल्लेली आहे. ती पानं उलटताना हातात येतील या भीतीने तिने आणि सरांनी श्वास धरून एकेक नोंद वाचली, उतरवली, फोटो काढले. तेही दिवस शिकवण्याच्या दिवसांतूनच गेले. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती एवढी तीन कामं सोडली तर शिक्षकाला इतर अशैक्षणिक काम देऊ नये, असं शिक्षण हक्क कायद्याचं 27 वं कलम म्हणतं. प्रत्यक्षात बहुतेक कामं ‘शैक्षणिक’ याच नावाने येतात. यू-डायस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती, प्रत्येक मुलाचा अपार आयडी हा ओळख क्रमांक, आहाराची रोजची नोंद, गणवेशाच्या मापांचा तक्ता, वृक्षारोपणाचे फोटो. केंद्राच्या फोनवरच्या गटावर सकाळी निरोप पडतो, की दुपारी बारापर्यंत माहिती पाठवावी. शाळेत रेंज नाही. मग दोघांपैकी एक जण सड्यावर चढतो, कातळावर उभा राहून माहिती भरतो आणि खाली येईपर्यंत दुसरा निरोप आलेला असतो. त्या वेळात खाली एका माणसाच्या हाती चार इयत्ता असतात.

सरांबद्दल थोडं लिहायला हवं, कारण ताईची नोकरी आणि त्यांची नोकरी या एकाच खोलीतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताई लागली तेव्हा डी.एड. झालं की नेमणूक, आणि पहिल्या महिन्यापासून पूर्ण वेतन. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली आणि पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची रीत पडली. सर नांदेडकडचे, 2009 मध्ये रुजू झाले. मानधन महिना तीन हजार. खोलीचं भाडं, तांदूळ, आणि वर्षातून दोनदा गावी जायचं भाडं एवढ्यात ते संपत असे. या मानधनाचे सोळा हजार व्हायला 2023 साल उजाडावं लागलं. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे तीही त्यांना नाही. मार्च 2023 च्या संपात ते कधी नव्हे ते मोर्चाला गेले होते. बायको आणि दोन मुली नांदेडला असतात, आणि आंतरजिल्हा बदलीच्या यादीत त्यांचा क्रमांक अजून लागलेला नाही. कोकणातल्या लोकांना या बदल्यांचा राग आहे. बाहेरून येतात, नोकरी घेतात आणि संधी मिळताच निघून जातात, मागे रिकाम्या शाळा राहतात, असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. एकाच वेळी पुष्कळ शिक्षक गेल्यावर वाडीवाडीत काय होतं हे मी पाहिलं आहे. पण धाकट्या मुलीचं पहिलं पाऊल ज्याने फोनवर पाहिलं, त्या माणसाने इथेच राहावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? त्यांच्या दोन्ही मुली नांदेडला इंग्रजी माध्यमात आहेत. सरकारी शिक्षकांची मुलं कुठे शिकतात, हा प्रश्न लोक विचारतात आणि तो विचारायलाच हवा. मी सरांना तो विचारला. ते शांतपणे म्हणाले, ‘‘मी घरी असतो तर माझ्या शाळेत घातलं असतं. मी घरीच नाही.’’ हे उत्तर मला पूर्ण पटलं नाही, पण ते खोटंही वाटलं नाही.

काम न करणारे शिक्षक आहेत. आमच्याच पट्ट्यात मला ते माहीत आहेत. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव घ्यायचा, घरभाडे भत्ता घ्यायचा आणि तालुक्याहून अकराला येऊन चारला निघायचं, ही माणसं सगळ्यांना ठाऊक असतात आणि सगळे शिक्षक त्यांच्याच मापाने मोजले जातात. याची सर्वांत जास्त चीड ताईला येते. ‘‘त्यांनी आमची बाजू मांडायची जागाच ठेवली नाही,’’ ती म्हणते. पंगतीत ती का गप्प राहिली याचा थोडा उलगडा मला या वाक्यात झाला.

आणि शाळाच राहील की नाही, हा प्रश्न तर रोज उशाशी आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात साडेचौदा हजारांहून अधिक आहेत. त्या एकत्र करून त्यांच्या मोठ्या समूहशाळा कराव्यात म्हणून 2023 मध्ये जिल्ह्याजिल्ह्यातून प्रस्ताव मागवले गेले आणि पानशेत, तोरणमाळ यांची उदाहरणं पुढे ठेवण्यात आली. मुलांना मोठा समूह मिळावा, खेळायला संघ व्हावा, प्रत्येक इयत्तेला शिक्षक असावा, या म्हणण्यात तथ्य आहे. पहिलीतल्या तिघांनी पुढची चार वर्षं एकमेकांचीच तोंडं पाहावीत, यात मलाही उणेपण दिसतं. पण आमच्याकडची एक किलोमीटरवरची शाळा नकाशावर एक किलोमीटरवर असते; मधल्या पऱ्याला जुलैत छातीभर पाणी असतं. गाडी देऊ म्हणतात, ती गाडी जिथपर्यंत येईल तो रस्ता अजून व्हायचा आहे. अशा ठिकाणी शाळा उठली तर पहिली घरी बसेल ती काजूबिया मोजताना आठ विसरणारी मुलगी.

मला खटकतं ते हे, की या सगळ्या चर्चेत पट असतो, खर्च असतो, अंतर असतं, पण चार इयत्तांना एकत्र शिकवण्याची विद्या कुठेच नसते. ती अवघड आहे, वर्षानुवर्षांच्या सरावाने येते, आणि राज्यात हजारो माणसांच्या हातात आज ती आहे. तिच्यासाठी वेगळी वेतनवाढ नाही, बदलीत वेगळा गुण नाही. शाळा अवघड क्षेत्रात आहे की नाही हे रस्ता, पाऊस, रेंज यांवरून ठरतं; खोलीतल्या इयत्तांवरून नाही. शिक्षकांनाही तिचं मोल कोणी सांगितलेलं नाही, त्यामुळे तेसुद्धा ‘छोटी शाळा आहे’ असं संकोचानेच सांगतात. आत्याच्या दिरांचा मला राग नाही. त्यांना पटाशिवाय दुसरं काही मोजायला आपण दिलेलंच नाही.

1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक उरली आहेत, अशा जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावं लागेल. ताईची त्याहून कमी उरली आहेत, ती सुटली. सर अडकले. सोळा वर्षं शिकवून झाल्यावर आता दीडशे गुणांची परीक्षा: बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. परीक्षेला माझा विरोध नाही. मुलांना शिकवणाऱ्याला विषय आला पाहिजे. पण पत्र्यावर पाऊस पडत असताना चार इयत्तांच्या हातात काम कसं ठेवायचं, हे चार पर्यायांतून योग्य तो निवडून ठरत नाही, आणि ज्यांना ते येतं त्यांच्याच पोटात आज नोकरीची धास्ती आहे.

सध्या शाळा सुटल्यावर तासभर दोघं थांबतात. मुलं साकव ओलांडून गेली की ताई सरांकडून व्याकरण आणि बालमानसशास्त्राचे जुने प्रश्न सोडवून घेते; गणित त्यांचं पक्कं आहे, इंग्रजी कच्चं. इंग्रजीसाठी तिने माझ्याकडे पुस्तकं मागितली आहेत. ती मी या आठवड्याच्या पार्सलने पाठवते आहे.